फुकट पेपर कुणाच्या पैशाने?

मोबाईलवर एखादी बातमी उघडावी, चार ओळी वाचाव्या, आणि पुढचा मजकूर धूसर होऊन मधेच चौकट यावी : पुढे वाचायचं तर वर्गणी भरा. हे आता आपल्या गावांतही घडायला लागलं आहे. या अडसराला पेवॉल म्हणतात. पे म्हणजे पैसे भरणं आणि वॉल म्हणजे भिंत. पैशाची भिंतच म्हणा ना. गटांच्या बैठकीत बाया आम्हाला विचारतात, “ताई, आतापर्यंत तर फुकट दिसत होतं, आता हे काय नवीन काढलं?”

यात नवीन फार थोडं आहे. वाचणाऱ्याने पैसे देऊन वाचायचं, ही मराठी वर्तमानपत्रांची जन्मापासूनची रीत. मधली मोबाईल-इंटरनेटची फुकटची वर्षंच खरी वेगळी होती. म्हणून आज आम्ही ही गोष्ट सुरुवातीपासून सांगणार आहोत.

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’. बाळशास्त्री जांभेकरांनी ते ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. जाहिरातींवर पत्र चालावं एवढा बाजार तेव्हा नव्हता. जेवढे वर्गणीदार मिळतील तेवढ्यांवर गाडा चालवायचा, आणि वर्गणीदार होते शेकड्यांत मोजण्याइतके. वाचता येणारेच थोडे, त्यातही पैसे मोजून वाचणारे त्याहून थोडे. साडेआठ वर्षं चालून १८४० साली ‘दर्पण’ बंद झालं.

पुढे पत्रं वाढली आणि वर्गणीदारही वाढले, पण एक दुखणं सगळ्यांना सारखंच लागलं. ते दुखणं आपल्या गटांना चांगलं ठाऊक आहे : थकबाकी. अंक वर्षभर घरी मागवायचा, वाचायचा, आणि पैसे मात्र ‘पाठवतो, पाठवतो’. दूरच्या गावातल्या वर्गणीदाराच्या दारात संपादक कसा जाऊन बसणार? टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी.ची सोय आणली. पाकीट पोस्टमनच्या हातात असतं. पैसे दिले की पाकीट मिळतं, नाही दिले तर ते परत जातं. आम्हाला तर पेवॉलची आजी ही व्ही. पी.च वाटते. फरक इतकाच, की तेव्हा पाकीट परत गेलं तर टपालखर्च संपादकाच्या माथी बसायचा. मराठी मासिकांच्या संपादकांनी परत आलेल्या व्ही. पी.चे रडगाणे कितीदा गायले असेल, त्याला गणती नाही.

त्याच १८७७ सालच्या १ जानेवारीला पुण्यात ‘दीनबंधू’ निघालं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचं हे पत्र कृष्णराव भालेकरांनी सुरू केलं. वाचक शेतकरी, कामकरी, हातावर पोट असणारे. तोटा येत गेला, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन चालवलं. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून झगडले तेच हे लोखंडे. नंतर हे पत्र वासुदेव बिर्जे यांच्याकडे आलं, आणि १९०६ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकाची खुर्ची सांभाळली. १९१२ पर्यंत त्यांनी ‘दीनबंधू’ काढला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एक बाई वर्तमानपत्र चालवत होती, हे आपल्या मुलींच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवं होतं.

मग जाहिरात आली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजतागायत दिवाळी अंकांना तेलाच्या, साबणाच्या, बँकांच्या जाहिरातींचा मोठा आधार आहे. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर करणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं आणि १९३० मध्ये खास बायांसाठी ‘स्त्री’ मासिक. त्याच्या मागे कारखाना उभा होता. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं, तेव्हा मागे कुठलाही कारखाना नव्हता.

रोजच्या पेपरचं गणित तर याहून सोपं आणि याहून फसवं आहे. सकाळी आपण जो पेपर घेतो, त्याचा कागद, शाई, छपाई, गाडीभाडं, वाटणाऱ्या पोराचं कमिशन, बातमीदारांचा पगार हे सगळं मिळून येणारा खर्च त्याच्या किमतीत निघत नाही. उरलेले पैसे जाहिरातवाला भरतो. त्यात सरकारी जाहिरातीही आल्या. म्हणजे आपण अर्धवट पैसे देऊन पूर्ण पेपर वाचत होतो. आता सांगा, ज्याने जास्त पैसे भरले त्याच्याविरुद्ध मोठ्या अक्षरांत छापायला पेपरवाल्याचा हात जरा अडखळणार की नाही? सगळेच अडखळतात असं आम्ही म्हणत नाही. पण गटाची पदाधिकारी निवडताना आपण बघतोच ना, कुणाचे पैसे कुठे अडकले आहेत ते.

इंटरनेट आलं तेव्हा पेपरवाल्यांनी विचार केला, की कागद नाही, शाई नाही, तर फुकटच टाकू. लाखो लोक बघतील आणि जाहिराती धो-धो येतील. लोक आले, पण जाहिराती दुसरीकडे गेल्या. गुगल आणि फेसबुक या कंपन्यांनी जाहिरातीचा मोठा वाटा उचलला. बातमी लिहिणाऱ्याच्या हाती दर वाचनामागे काही पैसे उरले, तेही रुपयातले पैसे, रुपये नव्हेत. मग जास्तीत जास्त बोटं दाबली जावीत म्हणून मथळे भडक होत गेले. ‘पुढे जे झालं ते ऐकून थक्क व्हाल’ असले मथळे आपण रोज बघतो. उघडून बघावं तर आत काही नसतं.

अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९९७ मध्येच वेबसाईटवर पैसे लावले होते. तो व्यापाऱ्यांचा पेपर, त्यांना परवडलं. सर्वसाधारण वाचकांच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ च्या मार्चमध्ये वेगळी युक्ती केली. महिन्याला २० लेख फुकट, एकविसाव्याला भिंत. पुढच्याच वर्षी ते २० चे १० केले. म्हणजे अधूनमधून डोकावणारा अडत नाही, पण रोज येणाऱ्याला विचारतात : बाई, रतीब लावता का? दुधाचा रतीब लावला की गवळ्याला उद्या किती दूध खपेल ते आजच कळतं, त्या हिशेबाने तो म्हैस घेतो. वर्गणीचंही तसंच आहे. पुढच्या वर्षी किती पैसे येतील ते आधी कळलं, तर एखाद्या बातमीदाराला तीन महिने एकाच विषयामागे पाठवता येतं. २०२३ संपेपर्यंत त्या पेपरचे वर्गणीदार एक कोटीच्या वर गेले होते.

आपल्याकडे याला जोर आला तो कोरोनाच्या वेळी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, पेपर वाटणं थांबलं आणि लोक मोबाईलवरचे ई-पेपर बघू लागले. कुणीतरी पूर्ण पेपरची पीडीएफ काढायची आणि ती व्हॉट्सॲपच्या पन्नास ग्रुपांवर फिरायची. आपल्याही ग्रुपांवर ती आली होती, खोटं कशाला बोला. पेपरवाले कोर्टात गेले. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘दैनिक जागरण’च्या प्रकरणात टेलिग्रामला असे चॅनेल बंद करायला सांगितलं. त्यानंतर बऱ्याच दैनिकांनी ई-पेपरला आणि निवडक लेखांना कुलूप लावलं.

इथवर ऐकून वाटेल, की बरोबरच आहे, कष्टाचे पैसे मिळायलाच हवेत. आम्हालाही तसंच वाटतं. पण ज्याच्याजवळ पैसेच नाहीत त्याचं काय? या प्रश्नाशी सगळ्यात जास्त झगडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले. नवीन पत्र निघतंय हे लोकांना कळावं म्हणून ‘केसरी’कडे पैसे देऊन जाहिरात छापायची तयारी दाखवली, तर ‘केसरी’ने ती घेतली नाही. म्हणजे इथे भिंत पैशाची नव्हती. पैसे हातात असूनही दार बंद होतं. बाबासाहेब शिकायला लंडनला गेले आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ थांबलं. ३ एप्रिल १९२७ ला त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढलं. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकटे लिहायचे, मोबदला घ्यायचे नाहीत. १९२८ साली त्यांनी पत्राची आर्थिक ओढाताण वाचकांपुढे उघडपणे मांडली आणि मदत मागितली. पण वाचक मजूर, महारवाड्यांतले, वाचता येणारा वस्तीत एखादाच. एक अंक शंभर जण ऐकायचे आणि वर्गणी एकाचीच, कधी तीही नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते बंद पडलं. पुढच्या वर्षी ‘जनता’ सुरू झालं आणि ते मात्र टिकलं. १९५६ मध्ये त्याचं नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. १९५४ मध्ये बाबासाहेबांनी आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता.

नागपूरकडच्या किसन फागुजी बनसोड यांचंही नाव इथे घ्यायला हवं. त्यांनी आधी स्वतःचा छापखाना घातला, मग १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ आणि १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ काढली. एक थांबलं की दुसरं, असं ते करत राहिले.

गरीब वाचकांनी एकत्र येऊन पैसे भरल्याचीही उदाहरणं आहेत, आणि ती बिडीच्या धंद्यातली आहेत. तेंदूपत्ता तोडणाऱ्या आपल्या बायांना ती जवळची वाटतील. १८६५ पासून क्युबा देशातल्या चिरूट कारखान्यांत कामगार आपल्या मजुरीतून पैसे काढून एक वाचणारा नेमत. तो उंच जागी बसून पेपर आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचायचा, बाकीचे चिरूट वळत ऐकायचे. आपल्या देशात केरळच्या कन्नूरकडे बिडी कामगारांनी हेच केलं. १९६९ मध्ये तिथे केरळ दिनेश बिडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, तिथेही ही रीत चालली. एकीने वा एकाने पेपर वाचायचा, आणि वाचताना त्याच्या ज्या बिड्या वळायच्या राहिल्या त्या बाकीच्यांनी वळून द्यायच्या. वर्गणी पैशात नाही, बिड्यांत.

आज आपल्यापुढे काय आहे? सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावांत कागदाचा पेपर उशिरा पोचतो किंवा पोचतच नाही. मोबाईल मात्र घराघरात आहे. धानाचे चुकारे कधी होणार, बोनसचं काय झालं, खरेदी केंद्रावर काटा कसा आहे, जंगलाला लागून असलेल्या गावात वाघ कुठे दिसला, हे कुणीतरी गाडीत पेट्रोल घालून, जाऊन, विचारून लिहावं लागतं. ती बातमी भिंतीआड गेली तर आपल्याला दिसणार नाही. आणि तिचे पैसे कुणीच दिले नाहीत तर ती लिहिलीच जाणार नाही. खोटी बातमी मात्र दोन्ही वेळेला फुकट आपल्या ग्रुपवर येऊन बसेल, तिला ना पेट्रोल लागतं ना पगार.

उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली गावातल्या बायांनी ‘खबर लहरिया’ हे आपल्या बोलीतलं पत्र सुरू केलं. बातम्या त्यांनीच आणायच्या, अंक गावोगाव त्यांनीच विकायचे. आता त्या कागदावरून मोबाईलवर आल्या आहेत आणि वाचकांकडे वर्गणी मागतात. गावच्या बातमीला पैसे द्या, असं गावच्या बायांनी म्हणणं आम्हाला फार मोठं वाटतं.

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या गावच्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं आणि तिथे पेपर येतात. वाचनालय असलेल्या गावातल्या बायांनी तिथे जाऊन बसायची सवय लावावी. दुपारी तिथे फक्त पुरुषच दिसतात.

गटाने मिळून एक वर्गणी घ्यायची असली तर हिशेब मांडून बघा. समजा वर्षाची वर्गणी ६०० रुपये आहे आणि गटात बारा जणी. एकीच्या वाट्याला वर्षाचे ५० रुपये आले, महिन्याचे चार रुपये आणि वर काही पैसे. पासवर्ड बारा मोबाईलवर वाटायचा नाही, कंपनीच्या अटीत ते सहसा बसत नाही. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. त्याला कुणाची हरकत नाही.

पैसे भरताना एक बघा. ‘पहिला महिना १ रुपया’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली बारीक अक्षरांत ऑटोपे. पुढच्या महिन्यापासून खात्यातून पूर्ण रक्कम आपोआप कापली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. तो मेसेज आला की वाचा. नको असेल तर त्याच दिवशी ज्या ॲपवरून पैसे भरले त्यात जाऊन ऑटोपे बंद करा. जमलं नाही तर गटातल्या शिकलेल्या मुलीला बसवून करून घ्या, आणि तिचं काम होईपर्यंत शेजारी बसून बघा.