निक्कोची करी आणि परक्याची पंगत

निक्को पाहिल्याशिवाय कशालाही 'सुंदर' म्हणू नये, अशा अर्थाची एक म्हण जपानी लोकांत आहे. टोकियोच्या उत्तरेला, आगगाडीने सुमारे दोन तासांच्या अंतरावर असलेले हे डोंगरातले गाव तोकुगावा इएयासु या तोकुगावा घराण्यातल्या पहिल्या शोगुनच्या समाधिमंदिरासाठी प्रसिद्ध आहे. माझी मुलगी टोकियोला असते. तिच्याकडे गेलो असताना आम्ही निक्कोला गेलो. मंदिर पाहिलेच, पण आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला जास्त विचार करायला लावले ते दुपारच्या जेवणाने!

हे जेवण होते निक्को कानाया हॉटेलात. हॉटेलची सुरुवात १८७३ सालची. आजची इमारत १८९३ची. फ्रँक लॉइड राइट १९०५ साली इथे उतरले होते, आईन्स्टाईन १९२२ साली. पांढरे टेबलक्लॉथ, काटे-चमचे, जुने लाकूड आणि हलक्या पावलांनी वावरणारे वाढपी. सगळा थाट विलायती, पण अदब मात्र पुरेपूर जपानी.

मुलीने माझ्यासाठी मागवली 'शंभर वर्षांची राइस करी'. हॉटेलच्या जुन्या कोठारात सापडलेल्या, तैशो काळातल्या (१९१२-१९२६) कृतीवरून ती करतात. मी कोंबडीची घेतली. दाट, तपकिरी, किंचित गोडसर रस्सा आणि सोबत चिकट भात. तिखट म्हणाल तर आमच्या घरच्या आमटीपुढे अगदीच सोज्वळ! गंमत अशी की जपानमध्ये ही करी 'पाश्चात्त्य पदार्थ' म्हणून आली. आपले मसाले इंग्रजांनी विलायतेला नेले, तिथे त्यांची डब्यातली 'करी पावडर' झाली आणि तीच पुढे जपानला पोहोचली. १८७२ सालच्या जपानी पाकपुस्तकांत करीची कृती सापडते. म्हणजे आपल्याच माहेरची लेक सातासमुद्रांपलीकडे सासरी जाऊन, नाव-गाव बदलून समोर उभी राहिली, तसे काहीसे मला वाटले.

त्या १८७२ सालाचेही महत्त्व आहे. बौद्ध धर्माच्या प्रभावाने, इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने काही प्राण्यांचे मांस खायला बंदी केली होती. पुढे शेकडो वर्षे जपानमध्ये गोमांस खाणे गैर मानले गेले. १८७२ साली सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि राजानेच शिवल्यावर प्रजेचा विटाळ हळूहळू फिटला.

पण माझ्या मनात राहिला तो सम्राट नव्हे, तर कानाया झेनइचिरो हा विशीच्या आतबाहेरचा तरुण. तो त्या समाधिमंदिरात वाद्य वाजवणारा एक साधा वादक. १८६८ साली शोगुनशाही गेली आणि मंदिराचा मोठा आश्रयदाताही गेला. अशा दिवसांत जेम्स हेपबर्न नावाचे अमेरिकन मिशनरी डॉक्टर निक्कोला आले. जपानी भाषा रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे. तीर्थाच्या गावी परदेशी माणसाला घरात घेण्याची तेव्हा रीत नव्हती. झेनइचिरोने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पुढे त्यांच्याच सल्ल्याने त्याने घरातल्या खोल्या परदेशी प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. १८७८ साली इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी त्या घरात राहिली आणि तिने आपल्या प्रवासवर्णनात त्याचे कौतुक केले. ते जुने घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे.

हे वाचताना मला आमच्या पुण्याची आठवण न होती तरच नवल. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतली म्हणून रानडे आणि टिळकांसह कितीतरी मंडळींवर गहजब झाला. ग्रामण्य झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले, तर सुधारकांनीच त्यांना बोल लावले. कपभर चहा, पण केवढी उलथापालथ!

दोन्हीकडे प्रश्न एकच होता : परक्याबरोबर जेवायचे की नाही? जपान शहाणा आणि आपण मागासलेले, असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. आपल्यावर परक्याचे राज्य होते. त्याच्या टेबलाशी बसणे आणि त्याला आपल्या घरी बोलावणे यांत फरक आहे. झेनइचिरो यजमान होता. दार त्याचे होते, उघडायचे की नाही हेही त्यानेच ठरवले. आणि त्याला चार पैसे हवे होते म्हणून त्या आतिथ्याचे मोल कमी होत नाही, असे मला वाटते.

इतिहासाच्या पुस्तकात तह असतात, लढाया असतात. पण दोन माणसांमधले अंतर किती कमी झाले, हे पाहायचे असेल तर ती एकमेकांच्या घरी जेवतात का, हे विचारावे. आपल्या शेजारीपाजारीही हा प्रश्न अजून विचारण्यासारखा आहे.