मोटारीच्या झडतीतील प्रवाशांचे खासगीपणाचे हक्क (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलिसांनी मोटार थांबवून तिची झडती घेतली असता, मोटारीचा मालक वा चालक नसलेल्या प्रवाशाला जे घटनात्मक संरक्षण मिळते, त्याचा समावेश या हक्कांत होतो. ते मुख्यतः अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथ्या दुरुस्तीवर आधारलेले असून त्यांची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांतून ठरत गेली आहे. या निवाड्यांनुसार मोटार बेकायदा अडवली गेल्यास प्रवासी त्याविरुद्ध दाद मागू शकतो. मात्र ती कायदेशीरपणे अडवली असल्यास केवळ प्रवासी या नात्याने त्याला मोटारीच्या झडतीस आक्षेप घेता येत नाही.

पार्श्वभूमी

१७९१ साली संमत झालेली चौथी दुरुस्ती नागरिकांना अवाजवी झडती व जप्ती यांपासून संरक्षण देते. घराच्या झडतीसाठी सामान्यतः न्यायालयाचे वॉरंट लागते. मोटार मात्र क्षणार्धात निघून जाऊ शकते. म्हणून दारूबंदीच्या काळातील 'कॅरोल विरुद्ध संयुक्त संस्थाने' (१९२५) या खटल्यात, गुन्ह्याशी संबंधित वस्तू मोटारीत असल्याचे मानण्यास सबळ कारण असेल तर वॉरंटविना झडती घेता येते, असे न्यायालयाने ठरवले. 'मॅप विरुद्ध ओहायो' (१९६१) या निवाड्यानंतर बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा वगळण्याचे बंधन राज्यांच्या न्यायालयांवरही आले. तथापि हा हक्क व्यक्तिगत मानला जातो. दुसऱ्याच्या हक्काचा भंग झाला म्हणून आपल्याविरुद्धचा पुरावा वगळण्याची मागणी आरोपीला करता येत नाही.

मोटारीची झडती

'रॅकस विरुद्ध इलिनॉय' (१९७८) हा या विषयातील पायाभूत निवाडा होय. कपड्यांच्या दुकानातील दरोड्यानंतर संशयावरून अडवलेल्या मोटारीत, पुढील आसनाखाली नळी कापून आखूड केलेली रायफल आणि कुलूपबंद कप्प्यात काडतुसे सापडली. मोटार किंवा शस्त्र आपले असल्याचा दावा प्रवाशांनी केला नव्हता. आसनाखालची जागा व कप्पा यांबाबत त्यांना खासगीपणाची रास्त अपेक्षा बाळगता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. बहुमताचा निवाडा न्यायमूर्ती विल्यम रेनक्विस्ट यांनी लिहिला. एकाहून अधिक माणसे असलेल्या मोटारींची बेकायदा झडती घेण्यास यामुळे पोलिसांना मोकळीक मिळेल, असा इशारा न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी विरोधी मतात दिला.

प्रवाशाचे सामान व अंगझडती

'वायोमिंग विरुद्ध हॉटन' (१९९९) या खटल्यात चालकाच्या खिशातील सिरिंज पाहून पोलिसांनी मोटार तपासली. मागील आसनावर एका प्रवासी स्त्रीची पर्स होती. तीत अमली पदार्थ सापडला. मोटारीची झडती घेण्यास सबळ कारण असेल, तर शोधलेली वस्तू ज्यात मावू शकेल असे प्रवाशाचे सामानही तपासता येते, असे न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले.

सामान आणि शरीर यांत मात्र न्यायालयाने फरक केला आहे. संशयित मोटारीत बसल्याने माणूस अंगझडतीविरुद्धचे संरक्षण गमावत नाही, हे तत्त्व 'संयुक्त संस्थाने विरुद्ध डी री' (१९४८) या निवाड्यात मांडले गेले. प्रवासी सशस्त्र व धोकादायक असल्याचा वाजवी संशय असल्यास त्याला वरवर चाचपता येते ('ॲरिझोना विरुद्ध जॉन्सन', २००९). तसेच, पोलीस प्रवाशाला मोटारीतून उतरण्याचा आदेश देऊ शकतात ('मेरिलँड विरुद्ध विल्सन', १९९७).

मोटार अडवण्यास आव्हान

'ब्रेंडलिन विरुद्ध कॅलिफोर्निया' (२००७) या खटल्यात नोंदणीच्या तपासणीसाठी एक मोटार पुरेशा कारणाविना अडवली गेली होती. मोटार थांबली की प्रवासीही अडवला जातो, कारण त्या प्रसंगी निघून जाण्यास आपण मोकळे आहोत असे कोणाही समंजस माणसाला वाटणार नाही, असे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी एकमताच्या निवाड्यात म्हटले. त्यामुळे प्रवाशाला अडवणुकीच्या वैधतेलाच आव्हान देण्याचा अधिकार मिळाला. प्रत्यक्षात त्या आरोपीला त्याचा लाभ झाला नाही. खटला परत आल्यावर, त्याच्याविरुद्ध आधीच अटक वॉरंट असल्याने बेकायदा अडवणूक आणि पुरावा यांतील संबंध तुटतो, असे सांगून कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पुरावा ग्राह्य धरला.

राज्यांतील भिन्नता

चौथी दुरुस्ती ही संरक्षणाची किमान पातळी आहे. राज्ये आपल्या घटनेनुसार अधिक संरक्षण देऊ शकतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये 'रॅकस'चे तत्त्व नाकारून झडतीस आव्हान देण्याचा हक्क अधिक व्यापक ठेवला. परिणामी एकाच प्रकारच्या झडतीत प्रवाशाचे हक्क राज्यागणिक वेगळे ठरू शकतात.