स्ट्रेंज, विअर्ड आणि आपला 'विचित्र'

'स्ट्रेंज' आणि 'विअर्ड' हे दोन इंग्रजी शब्द मराठीत आणताना आपण बहुतेक वेळा 'विचित्र' म्हणून मोकळे होतो. पण या दोघांची घराणी वेगळी आहेत.

'स्ट्रेंज' लॅटिनमधून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. मूळ अर्थ बाहेरचा, परका. अनोळखी माणसाला 'स्ट्रेंजर' म्हणतात, तो याच कुळातला. म्हणजे या शब्दात मुळात दोषारोप नव्हता. समोरची गोष्ट आपल्यातली नाही, एवढीच नोंद होती.

'विअर्ड' मात्र अस्सल इंग्रजी मातीतला. जुन्या इंग्रजीत तो नाम होता आणि अर्थ होता नियती. पुढे इंग्लंडात तो मागे पडला, स्कॉटलंडमध्ये टिकला. होलिनशेडच्या बखरीत मॅकबेथला भविष्य सांगणाऱ्या तिघी 'विअर्ड सिस्टर्स' आहेत, म्हणजे नियतीच्या भगिनी. शेक्सपिअरने त्या तिथूनच घेतल्या. १६२३ च्या छापील संग्रहात हा शब्द वेगळ्याच रूपात छापला गेला. १७३३ मध्ये संपादक थिओबाल्ड यांनी तो दुरुस्त केला. रंगमंचावर त्या तिघी चेटकिणी होत्या. हळूहळू त्यांचं भेसूरपणच शब्दाला चिकटलं आणि नियती विसरली गेली.

अरबीतही अशी जोडी आहे. तेराव्या शतकात अल-कझविनी यांनी सृष्टीतल्या नवलांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच 'अजाइब' आणि 'गराइब' दोन्ही आहेत. ज्याचं कारण कळत नाही म्हणून माणूस थक्क होतो, ते अजीब. उदाहरण त्यांनी मधमाशीच्या पोळ्याचं दिलं. जे क्वचित घडतं, सवयीबाहेरचं असतं, ते गरीब.

हाच 'गरीब' आपल्याकडे आला तो निर्धन होऊन. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलुखातला. घरापासून दूर असलेल्याला ना गोत, ना आधार. परका असणं आणि दीन असणं यांतलं अंतर किती कमी, हे या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं.

आणि 'विचित्र'? संस्कृतात तो रंगीबेरंगी, नानाविध होता. त्यातले रंग आपणच पुसले.

म्हणून एखाद्याचा पेहराव, जेवण किंवा बोली पाहून 'विचित्र' म्हणण्याआधी थोडं थांबावं. ते भेसूर आहे, की फक्त आपल्याला अपरिचित? अपरिचितावर उपाय सोपा असतो. ओळख करून घेतली, की ते परकं राहत नाही.