आरिआके समुद्रातील नोरी-शेती : एका शोधाचा उत्तरार्ध

जपानी आहारातील नोरी म्हणजे लाल सागरी शैवालाचा कागदासारखा वाळवलेला पापुद्रा होय. इडो काळापासून तोक्यो उपसागरात या शैवालाची लागवड होत असे. मात्र 'लागवड' हा शब्द येथे सैल अर्थानेच घ्यावा लागतो. उथळ पाण्यात बांबू व फांद्या रोवून त्यांवर शैवाल धरण्याची वाट पाहणे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती होते. उन्हाळ्यात ही वनस्पती कोठे जाते आणि तिचे बीज कोठून येते, हे अज्ञात होते. साहजिकच हा व्यवसाय जुगार मानला जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर पीक ढासळले, तेव्हा ते सावरण्याचा उपाय कोणापाशीही नव्हता.

या कोड्याची उकल मँचेस्टरमध्ये झाली. कॅथलीन ड्र्यू-बेकर (१९०१-१९५७) यांना विवाहानंतर तेथील विद्यापीठातील अध्यापकपद सोडावे लागले होते. तरीही त्यांनी संशोधन सोडले नाही. शिंपल्यांत वाढणारे 'काँकोसेलिस' नावाचे सूक्ष्म गुलाबी शैवाल तोवर स्वतंत्र जात समजले जाई. ते पोर्फायरा या शैवालाच्याच जीवनचक्राचा एक टप्पा असल्याचे त्यांनी १९४९ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले. उन्हाळाभर शिंपल्यात दडलेले शैवाल पाणी थंडावताच बीजाणू सोडते, असा याचा अर्थ होता. क्यूशू बेटावरील सेगावा सोकिची व कुमामोतोचे संशोधक यांनी या ज्ञानावर कृत्रिम बीजारोपणाचे तंत्र उभे केले. ड्र्यू-बेकर जपानला कधीच गेल्या नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ मध्ये, आरिआके समुद्राकाठी उतो येथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले. तेथे दरवर्षी १४ एप्रिलला त्यांचे स्मरण केले जाते.

ही कथा बहुधा येथेच संपविली जाते. आरिआकेचा पुढील इतिहास पाहता ते पुरेसे नाही. बीज हाती आले, जाळी शीतगृहात साठविता येऊ लागली. पण नोरीला लागणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये समुद्राच्या पाण्यातूनच मिळतात. या समुद्रात भरती-ओहोटीतील फरक सुमारे ६ मीटरपर्यंत, म्हणजे जपानमध्ये सर्वाधिक असतो. त्याच्या विस्तीर्ण चिखलपट्ट्यांपैकी इसाहाया उपसागराचा भाग भूसंपादन व पूरनियंत्रणासाठी सुमारे ७ किलोमीटर लांबीच्या बांधाने समुद्रापासून तोडण्यात आला. बांध बंद झाला तो दिवस, योगायोगाने, १४ एप्रिल १९९७ हाच होता.

२०००-०१ च्या हिवाळ्यात डायटमांची प्रचंड वाढ झाली, पोषकद्रव्ये संपली आणि नोरीचा रंग उडाला. बांधामुळे प्रवाह मंदावले, असा मच्छीमारांचा आक्षेप होता. शासनाने हा कार्यकारणसंबंध मान्य केला नाही. समुद्राचे वाढते तापमान, नद्यांतून येणारे पाणी आणि बांध यांचे परिणाम एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की, एकाच कारणावर बोट ठेवणे धाडसाचे ठरेल. न्यायालयांतही एकवाक्यता नव्हती. फुकुओका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये बांधाचे दरवाजे पाच वर्षे उघडे ठेवण्याचा आदेश दिला. मात्र बांधाआडच्या जमिनीवरील शेतकऱ्यांच्या दाव्यात नागासाकी जिल्हा न्यायालयाने २०१३ मध्ये नेमकी उलट मनाई केली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मच्छीमारांचे अपील फेटाळले. त्याच हिवाळ्यात आरिआकेतील नोरीचे पीक पुन्हा बुडाले होते.