पेन्शनीची तारीख

पुण्यास पूर्वी पेन्शनरांचे गाव म्हणत. आमच्या गावाला तो मान नाही. पण व्याख्यानमालेच्या पहिल्या दोन रांगा आमच्याकडेही पेन्शनर मंडळींच्याच असतात. त्यांच्यासमोर पेन्शनीचा इतिहास सांगणे म्हणजे सुताराला रंधा दाखवण्यासारखे आहे. तरीही हा विषय घेतला तो मागच्या रांगांतील तरुण नोकरदारांसाठी. पुढे बसलेले गृहस्थ ज्या कचेरीतून, ज्या खुर्चीवरून निवृत्त झाले, त्याच खुर्चीवर आज हे तरुण बसतात, तेच काम करतात. पण त्यांची पेन्शन मात्र निराळी. का निराळी? तर ते 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीस लागले म्हणून. काम तेच, मालक तोच, फरक तारखेचा. ही तारीख आली कोठून हे शोधत गेलो, तेव्हा आम्हांला असे दिसले की पेन्शनीचा सारा इतिहास हा अशा तारखांचाच इतिहास आहे.

पेन्शन हा शब्द महाराष्ट्रात पहिल्याने गाजला तो सरकारी कारकुनामुळे नव्हे, तर दुसऱ्या बाजीरावामुळे. 1818 साली माल्कमच्या स्वाधीन झाल्यावर बाजीरावास कंपनीने वर्षाला 8 लाख रुपये बांधून दिले व ब्रह्मावर्तास नेऊन ठेवले. 1851 साली बाजीराव वारले आणि त्यांचे दत्तकपुत्र नानासाहेब यांनी ती रक्कम पुढे मागितली. डलहौसीच्या सरकारने ती नाकारली. ती व्यक्तीपुरती दिलेली होती, वारसाचा तिच्यावर हक्क नाही, असे उत्तर मिळाले. पुढे काय झाले ते शाळेतील मुलेही जाणतात. आम्हांला त्यातून घ्यायचे आहे ते इतकेच की, इंग्रजी राज्यात पेन्शन ही मुळात सरकारची मेहेरबानी होती. देणाऱ्याने दिली, देणाऱ्याने थांबवली.

ही समजूत 1871 च्या पेन्शन कायद्यात पक्की झाली. जुन्या राजवटींची वर्षासने, देणग्या, तनखे यांचे तंटे वाढले होते. तेव्हा कायद्याने सांगून टाकले की पेन्शनीविषयी दिवाणी कोर्टात दावा चालणार नाही. तक्रार असेल तर कलेक्टरकडे जा, आणि कलेक्टरचा दाखला असेल तरच कोर्टाची पायरी चढा. याच कायद्याने एक भलेही केले. पेन्शनीवर सावकाराची जप्ती येऊ शकत नाही असे ठरले, आणि त्याचा फायदा कितीतरी गरीब कुटुंबांना मिळाला. पण सावकाराला दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या कायद्याने पेन्शनरालाही कोर्टाच्या दाराबाहेरच ठेवले.

मेहेरबानी सर्वांवर सारखी नव्हतीच. आयसीएसचा गोरा साहेब पुरी नोकरी करून विलायतेस निघाला की त्याला वर्षाला 1000 पौंड मिळत. मग तो जिल्ह्यावरून निघो की वरच्या हुद्द्यावरून, रक्कम तीच. इकडे देशी नोकरांत सुपीरियर आणि इन्फीरियर अशा दोन जाती नियमांनीच पाडलेल्या होत्या. पट्टेवाला, हमाल, झाडूवाला हे इन्फीरियर. त्यांची पेन्शनही त्याच मापाची. आणि नोकर मेला की पेन्शनही मेली. विधवेच्या हाती राहत असे ती पेन्शनीच्या हुकमाची घडी घातलेली प्रत. 1950 साली केंद्राने नियम उदार केले, त्यांत काही वर्षांपुरती कुटुंबाची सोय झाली. विधवेला हयातभर पेन्शन देणारी योजना आली ती 1 जानेवारी 1964 पासून. तीही फुकट नव्हे, नोकराने आपल्या ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांची रक्कम सोडायची या अटीवर. ही अट 1977 मध्ये गेली. पण 1964 च्या आधी जे निवृत्त झाले त्यांच्या विधवांचे काय? त्या बाहेरच राहिल्या. त्यांना आत घेण्यासाठी पूनामल नावाच्या बाईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि 1985 साली त्या जिंकल्या. एकवीस वर्षे ती तारीख त्या बायांच्या आड उभी होती.

रेल्वेची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती आजच्या तरुणांच्या कामाची आहे. रेल्वे कामगारांना पूर्वी पेन्शन नव्हती, प्रॉव्हिडंट फंड होता. पगारातून काही कापायचे, रेल्वेने काही घालायचे, आणि निघताना एकरकमी हाती घ्यायचे. नोव्हेंबर 1957 मध्ये रेल्वेने पेन्शन सुरू केली आणि जुन्या कामगारांना विचारले, फंडात राहता की पेन्शनीत येता? पुष्कळांनी फंड पत्करला. त्यांना वेडे म्हणण्याचे कारण नाही. ज्याने जन्मात हजार रुपये एकत्र पाहिले नाहीत, त्याला एकरकमी पैशाचा मोह पडणारच. मुलीचे लग्न होते, गावाकडचे घर शाकारता येते. शिवाय दरमहाची पेन्शन आपण किती वर्षे खाणार याचा भरवसा कोणाला? पण पुढे महागाई अशी वाढली की फंडाची रक्कम पाहता पाहता विरघळली. आणि पेन्शनीत गेलेल्या शेजाऱ्याला, 1973 च्या तिसऱ्या वेतन आयोगानंतर, महागाईबरोबर वाढही मिळू लागली. मग फंडवाले कोर्टात गेले की आम्हांलाही पेन्शनीत घ्या. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने कृष्णकुमार खटल्यात त्यांना नाही म्हटले. विकल्प तुम्ही स्वतः दिला होता, फंडवाले आणि पेन्शनवाले हे वर्ग निराळे, असे ठरले. एका कागदावरची सही आयुष्याच्या शेवटापर्यंत पुरली.

मेहेरबानीचा हक्क कसा झाला हा या इतिहासाचा गाभा होय. आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. हे निकाल आम्ही शेजारी शब्दकोश ठेवून वाचले आहेत. बिहारच्या शिक्षण खात्यातील देवकीनंदन प्रसाद यांची पेन्शन सरकारने रोखली होती. 1971 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पेन्शन ही सरकारच्या मर्जीची देणगी नव्हे, तो नोकराचा हक्क आहे, ती त्याची मालमत्ता आहे. आणि 1871 च्या कायद्याने दिवाणी दावे बंद केले असतील, पण त्यामुळे राज्यघटनेखालचा आदेश अडत नाही. म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी ते दार उघडले. योगायोग असा की त्याच 1971 सालच्या डिसेंबरात घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. राजेरजवाड्यांची पेन्शन गेली आणि मास्तराची पेन्शन हक्काची ठरली. एका वर्षात याहून अधिक काय हवे!

त्यानंतरचा मोठा टप्पा 1982 चा. केंद्राने 1979 मध्ये पेन्शनीचे सूत्र बदलले. पूर्वी अखेरच्या 36 महिन्यांच्या पगाराची सरासरी धरत, ती 10 महिन्यांची केली. पायऱ्या ठरवून पेन्शनही वाढवली. मात्र लाभ कोणाला? जे 31 मार्च 1979 रोजी किंवा त्यानंतर निवृत्त झाले त्यांनाच. डी. एस. नकारा हे संरक्षण खात्यातून 1972 मध्ये निवृत्त झालेले अधिकारी. त्यांनी विचारले, मी आधी म्हातारा झालो हा माझा गुन्हा काय? पाच न्यायमूर्तींपुढे हे प्रकरण चालले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर ही दोन मराठी माणसे त्या पीठावर होती. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. 17 डिसेंबर 1982 रोजी न्यायालयाने ती तारीख पुसून टाकली. अठ्ठेचाळीस तास आधी निघालेला आणि अठ्ठेचाळीस तासांनी मागाहून निघालेला यांत भेद करण्यास कोणता आधार आहे, हा त्या निकालातील प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. मागील थकबाकी मिळाली नाही, पण 1 एप्रिल 1979 पासून सर्वांना एकच सूत्र लागू झाले. पेन्शनर मंडळी 17 डिसेंबर हा दिवस पाळतात तो यासाठी.

येथे एक गोष्ट आमच्या चळवळीविषयी सांगितली पाहिजे. ती गोड नाही. त्याच 1982 च्या जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख माणसे रस्त्यावर आली. डिसेंबरात दिल्लीला पेन्शनरांनी पेढे वाटले तेव्हा गिरणगावात चुली थंड होत्या. गिरणी कामगाराला फंड होता, पण सरकारी नोकरासारखी पेन्शन नव्हती. खाजगी कामगारांसाठी पेन्शन योजना आली ती 1995 च्या नोव्हेंबरात. तिची किमान रक्कम 2014 मध्ये महिना 1000 रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी तो आकडा हलला नाही. आम्ही सभांतून पेन्शनीची मागणी करतो तेव्हा एखादा शेतमजूर किंवा कारखान्यातला माणूस उठून विचारतो, तुमचे ठीक आहे, आमचे काय? त्याला उत्तर देताना आमची जीभ अडखळते. सरकारी नोकरांच्या संघटनांनी हा प्रश्न आपला मानला नाही, हे खरेच आहे.

दुसरी चूक याहून जवळची. केंद्राने 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्राने 1 नोव्हेंबर 2005 पासून नव्या नोकरांची जुनी पेन्शन बंद केली. आमच्याकडे तिचे नाव परिभाषित अंशदान योजना. पगारातून शेकडा 10 कापायचे, सरकारने तितकेच घालायचे, पैसे बाजारात गुंतवायचे. निवृत्तीच्या वेळी जे जमले असेल त्यातून कमीत कमी शेकडा 40 ची वार्षिकी घ्यायची. अखेरच्या पगाराची निम्मी रक्कम, वर महागाई, ही हमी संपली. तेव्हा संघटना काय करीत होत्या? हरकती नोंदवल्या, निदर्शनेही झाली. पण आमच्या शाखेची त्या वेळची बैठक आम्हांला चांगली आठवते. विषय वाचला गेला, कोणीतरी विचारले, आपल्याला लागू आहे का? नाही, असे उत्तर आले, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. त्या बैठकीत आम्हीही होतो, आम्हीही काही बोललो नाही. ज्यांच्यावर ही तारीख पडणार होती ते अजून शाळेत होते. 1977-78 साली चोपन्न दिवस संप करून महागाईभत्ता मिळवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आम्ही वारस. पण ज्यांचे अजून नावही हजेरीपटावर नाही त्यांच्यासाठी लढण्याची सवय आम्हांला नव्हती. भिंत घालणाऱ्याने हे बरोबर ओळखले.

ती मुले मोठी झाली, नोकरीस लागली आणि त्यांनीच आम्हांला जागे केले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्यांची घोषणा. 14 मार्च 2023 रोजी राज्यभर संप झाला, तो आठवडाभर चालला. पुढे तीन जणांची समिती, मार्च 2024 मध्ये सुधारित योजनेची घोषणा, अखेरच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनीचे व त्यावर महागाईभत्त्याचे आश्वासन. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानेही एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली. 25 वर्षांच्या नोकरीला शेवटच्या 12 महिन्यांच्या मूळ पगाराच्या सरासरीची निम्मी पेन्शन, माघारी कुटुंबाला तिच्या शेकडा 60. राजस्थान, हिमाचल यांसारख्या राज्यांनी 2022-23 मध्ये जुनीच पेन्शन परत आणण्याचे ठरवले होते. तिजोरीवर बोजा पडतो हे सरकारचे म्हणणे खोटे नाही. बोजा पडतोच. पण त्या बोज्याची चर्चा नेहमी पेन्शनरापाशीच सुरू व्हावी आणि तेथेच संपावी, हे आम्हांला पटत नाही.

तारखेचे प्रकरण मात्र मिटले नाही. 2025 च्या मार्चमध्ये केंद्राच्या वित्त कायद्याबरोबर एक तरतूद मंजूर झाली. तिच्यायोगे निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करण्याचा अधिकार सरकारला असल्याचे, आणि तो पूर्वीपासूनच होता असे, संसदेने सांगितले. नकारा निकालाला तेव्हा त्रेचाळीसावे वर्ष लागले होते. पेन्शनरांच्या संघटनांनी विरोध केला आहे; त्याचे पुढे काय होते ते दिसेलच.

मागच्या वर्षी एक तरुण कारकून विकल्पाचा अर्ज घेऊन आमच्याकडे आला. बाजारात जमलेली रक्कम ठेवायची, की हमीची पेन्शन घ्यायची, एवढेच त्याला विचारायचे होते. “काका, तुम्ही सांगाल तेथे सही करतो,” म्हणाला. आम्ही त्याला सही करू दिली नाही. खाली बसवले, चहा मागवला आणि 1957 सालच्या रेल्वे कामगारांची गोष्ट सांगितली. तो अर्ज घडी घालून खिशात ठेवून गेला. म्हणाला, घरी बायकोला विचारतो.