परदेशी शिक्षण : मोबाइल, लॅपटॉप कसे जपावेत?

उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला निघालेल्या विद्यार्थ्याच्या घरी महिनाभर आधीपासून तयारी सुरू होते. गरम कपडे, प्रेशर कुकर, मसाल्यांची पाकिटे, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती या साऱ्यांची यादी काटेकोरपणे केली जाते. मात्र ज्या दोन वस्तूंवर पुढील सारे वर्ष अवलंबून असते, त्या मोबाइल आणि लॅपटॉपच्या सुरक्षेचा विचार बहुधा त्या हरवल्यानंतरच होतो.

मोबाइल गमावण्याचा अर्थ आता केवळ आर्थिक नुकसान एवढाच राहिलेला नाही. ब्रिटनमध्ये परदेशी नागरिकांना दिल्या जाणाऱ्या बहुतेक निवासी परवाना कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली. त्यांची जागा 'ई-व्हिसा' या ऑनलाइन नोंदीने घेतली आहे. या खात्यात प्रवेश करण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक मोबाइलवर किंवा ई-मेलवर येतो. अर्धवेळ नोकरीसाठी लागणारा 'शेअर कोड'ही याच खात्यातून काढावा लागतो. भारतातील बँकेचे ओटीपीही त्याच मोबाइलमधील सिमकार्डावर येतात. साहजिकच, मोबाइल गेला की व्हिसाचा पुरावा आणि पैसे हे दोन्ही मार्ग एकाच वेळी बंद होण्याची शक्यता असते.

चोरी कशी होते?

लंडनमध्ये २०२४ या एका वर्षात सुमारे ८० हजार मोबाइल चोरीला गेल्याचा महानगर पोलिसांचा अंदाज आहे. वेस्ट एंड आणि वेस्टमिन्स्टर या पर्यटकांनी गजबजलेल्या भागांत असे प्रकार अधिक घडतात. इलेक्ट्रिक सायकलवरून पदपथाच्या कडेला यायचे आणि हातातील फोन हिसकावून पसार व्हायचे, ही चोरांची नेहमीची पद्धत. नकाशा पाहत चालणारा नवखा विद्यार्थी त्यांच्या तावडीत सहज सापडतो. त्यामुळे स्टेशनबाहेर पडण्यापूर्वीच मार्ग पाहून घ्यावा. रस्त्यात फोन काढणे भागच असेल, तर दुकानाच्या आत किंवा भिंतीकडे सरकून, रस्त्याकडे पाठ न करता तो पाहावा.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. तो हिसकावला जाण्यापेक्षा मालकाची पाठ फिरताच उचलला जाण्याचा धोका मोठा. पुण्या-मुंबईच्या अभ्यासिकेत पुस्तके व पिशवी ठेवून जागा धरण्याची सवय अनेकांच्या अंगवळणी पडलेली असते. तीच सवय विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा कॅफेत महाग पडते. पाच मिनिटांसाठी उठतानाही लॅपटॉप सोबत घ्यावा. वसतिगृहाच्या खोलीचे दार स्वयंपाकघरात जातानाही कुलूपबंद करावे आणि तळमजल्यावरील खिडकीजवळ लॅपटॉप ठेवू नये.

निघण्यापूर्वी

सर्वप्रथम मोबाइलचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक टिपून घ्यावा. *#०६# डायल केल्यास तो पडद्यावर दिसतो. लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि दोन्ही वस्तूंच्या खरेदीच्या पावत्या यांची एक प्रत घरी आई-वडिलांकडे ठेवावी. विम्याचा दावा करताना मालकीचा पुरावा म्हणून याच पावत्या लागतात.

विमानप्रवासात लॅपटॉप नेहमी हातातील सामानातच असावा. पॉवर बँक तर चेक-इन सामानात टाकण्यास मनाईच आहे. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँक सर्वसाधारणपणे केबिनमध्ये नेता येतात. बाजारात मिळणारी २० हजार एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते.

फोनमधील सुरक्षा सुविधाही निघण्यापूर्वीच सुरू कराव्यात. आयफोनमध्ये जानेवारी २०२४ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' ही सोय उपलब्ध आहे. ती सुरू असल्यास, चोराला पासकोड ठाऊक झाला तरी, घर किंवा कामाच्या परिचित ठिकाणाबाहेर खात्याचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही. त्यासाठी चेहऱ्याची वा बोटाची ओळख पटावी लागते आणि तासभर थांबावे लागते. अँड्रॉइड फोनमध्येही २०२४ पासून, फोन हिसकावला गेल्याचे हालचालीवरून ओळखून पडदा आपोआप बंद करणारी सोय मिळू लागली आहे.

सिमकार्डाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होते. कुलूपबंद फोनमधील सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले, की बँकेचे ओटीपी चोराच्या हाती पडू शकतात. यावर उपाय म्हणजे सिमला पिन लावणे. मूळ पिन कंपनीकडून आधी विचारून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम बंद होते आणि पीयूके क्रमांकाशिवाय उघडत नाही. ई-सिम घेतल्यास ते काढून नेण्याचा प्रश्नच उरत नाही.

माहितीची प्रत

लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो, प्रबंधाची चार महिन्यांची मेहनत नाही. संगणक बिघडला आणि दुसरी प्रत नव्हती, हे मुदतवाढीचे कारण अनेक विद्यापीठे मान्य करत नाहीत. म्हणून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यातील एक अन्यत्र, हा संगणकतज्ज्ञांचा जुना नियम पाळावा. लॅपटॉप, एक्स्टर्नल डिस्क आणि विद्यापीठाने दिलेली क्लाउड जागा यांत हा नियम सहज बसतो. डिस्क लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली, तर दोन्ही एकदमच जातात, हेही ध्यानात ठेवावे. विंडोजमधील 'बिटलॉकर' किंवा मॅकमधील 'फाइलव्हॉल्ट' सुरू असल्यास चोराला लॅपटॉपमधील माहिती वाचता येत नाही.

विमा आणि नोंदणी

अनेक वसतिगृहांच्या भाड्यात खोलीतील वस्तूंचा विमा अंतर्भूत असतो. मात्र तो खोलीबाहेर लागू आहे का, आणि बेवारस ठेवलेल्या वस्तूची चोरी त्यात धरली जाते का, हे पॉलिसीत वाचून घ्यावे. ब्रिटनमध्ये 'इमोबिलाइज' या राष्ट्रीय नोंदवहीत वस्तूंचे क्रमांक विनामूल्य नोंदवता येतात. चोरीचा माल सापडल्यास पोलीस तेथे मालकाचा शोध घेऊ शकतात.

फोन गेलाच तर...

* मित्राच्या फोनवरून किंवा संगणकावरून 'फाइंड माय' अथवा गुगलच्या 'फाइंड हब'द्वारे फोन तात्काळ कुलूपबंद करावा.
* दोन्ही देशांतील बँका व सिम कंपन्यांना कळवून कार्ड आणि सिम बंद करावे. ब्रिटनमधील कंपनीला आयएमईआय कळवल्यास तो फोन तेथील सर्व नेटवर्कवर बंद केला जातो.
* चोरी घडत असेल किंवा जिवाला धोका असेल, तर ९९९ वर फोन करावा. नंतरच्या तक्रारीसाठी १०१ किंवा पोलिसांचे संकेतस्थळ आहे. रेल्वेत चोरी झाल्यास ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांना ६१०१६ वर एसएमएस करता येतो.
* तक्रारीनंतर मिळणारा 'क्राइम रेफरन्स' क्रमांक जपून ठेवावा. विमा कंपनी व विद्यापीठ तो मागतात.
* फोनचे ठिकाण नकाशावर दिसले तरी तेथे एकट्याने जाऊ नये. ती माहिती पोलिसांना द्यावी.

चोरीनंतर काही दिवसांनी 'तुमचा फोन सापडला आहे, येथे पासकोड भरा' असा संदेश येतो. तो बहुधा चोरांचाच सापळा असतो. त्या दुव्यावर काहीही भरू नये आणि हरवलेला फोन स्वतःच्या खात्यातून काढून टाकू नये. तो काढताच फोनचे कुलूप निघते आणि चोराला तो सुखाने विकता येतो.

व्हिसाच्या खात्यात मोबाइलबरोबरच ई-मेलचीही नोंद करावी. त्या ई-मेलमध्ये फोनविना कसे शिरता येईल, याची सोय आधीच करावी. गुगल आपत्कालीन वापरासाठी पर्यायी संकेत देते. ते कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात आणि एक प्रत घरी ठेवल्यास, फोन गेला तरी बँक, व्हिसा आणि घर यांच्याशी असलेला संपर्क तुटत नाही.