कोवळं ऊन, ताजा बर्फ आणि हिमस्खलन: गुलमर्गच्या उतारांवर धोका कसा ओळखतात?

रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन पडलं की काश्मीरमधल्या गुलमर्गचे फोटो सोशल मीडियावर धडाधड येतात. हिमस्खलनाच्या दृष्टीने मात्र हाच वेळ जास्त धोक्याचा. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले 24 ते 48 तास सर्वांत सांभाळायचे असतात.

फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवट शिखराच्या हापतखुड भागात हिमस्खलनात पोलंडच्या दोन स्कीपटूंचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 2024 मध्ये, गुलमर्गच्याच उतारांवर एक रशियन स्कीपटू दगावला.

हिमस्खलन म्हणजे वरून घरंगळत मोठा होणारा बर्फाचा गोळा, हे कार्टूनमधलं चित्र. प्रत्यक्षात सर्वाधिक बळी घेणारा प्रकार वेगळा आहे. डोंगरावर बर्फ थराथराने साचतो. थंडी कडक आणि बर्फाची जाडी कमी असेल, तर तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा, जड बर्फ बसला की साखरेवर फरशी ठेवल्यासारखी गत होते. एका माणसाच्या वजनाने खालचा थर कोसळतो आणि वरची अख्खी लादी तडकून सुटते. म्हणून अशा अपघातांत बहुतेकदा हिमस्खलन सुरू करणारा माणूस स्वतः अडकलेला किंवा त्याच्याच गटातला असतो.

उतार साधारण 30 ते 45 अंशांचा असेल तर धोका जास्त. याहून खड्या कड्यावर बर्फ फारसा टिकत नाही, कमी उतारावर तो सहसा घसरत नाही. पण तुम्ही सपाटीवर उभे असलात तरी वर असा उतार असेल तर सुटका नाही, आणि पर्यटक नेमके हेच विसरतात. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्यापलीकडे रचतो, तिथे बर्फ न पडताही लादी तयार होते. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा भेगा पळत गेल्या, तर लगेच मागे फिरायचं.

भारतात डीआरडीओची ‘डीजीआरई’ ही प्रयोगशाळा हिमालयासाठी हिमस्खलनाचा इशारा देते. जगभर वापरल्या जाणाऱ्या मापनात पाच पातळ्या असतात. तिसरी म्हणजे ‘मध्यम, चालतंय’ असं समजू नका. युरोपात कित्येक मृत्यू याच पातळीला होतात, कारण चौथी-पाचवी असताना लोक घराबाहेरच पडत नाहीत.

गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता बरीच असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. बचावपथकाला पोहोचायला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, आणि पाठीवर लांब सळई व फावडं हवं. फावडं घरी ठेवून नुसता ट्रान्सीव्हर नेणारेही भेटतात. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, तो हाताने उकरता येत नाही.

गोंडोलातून फक्त बर्फ बघायला जाणाऱ्यांना यातलं काही लागत नाही. दोरी किंवा फलक लावलेली हद्द ओलांडली नाही म्हणजे झालं, रील कितीही चांगला येणार असला तरी.